डिजिटल अभ्यासिका आणि अभ्यासातील रस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या निधीतून मुलांसाठी एक डिजिटल अभ्यासिका काढावी, असे आपल्या विश्वस्तांनी योजले आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. गेले काही आठवडे या अभ्यासिकेची चर्चा आपल्या घराघरांत चालली आहे. टॅबलेट किती घ्यावेत, कोणत्या कंपनीचे घ्यावेत, इंटरनेटचा वेग किती असावा, खर्च कितीवर जाईल, हे सारे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आपले हिशेबनीस माझ्याहून चांगली देतील. मी शिक्षिका. मला त्यांत एक प्रश्न दिसला नाही, म्हणून तो मांडण्यासाठी मी उभी आहे. त्या खोलीत आलेल्या मुलाला काय वाटेल? त्याच्या डोळ्यांना काय दिसेल, कानांना काय ऐकू येईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे पाय आपण होऊन तिकडे वळतील काय?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले आहे. मूल अभ्यास करीत नसेल तर आपण म्हणतो, ‘त्याला अभ्यासात रस नाही.’ नाट्यशास्त्रात भरतमुनींनी ज्याची चर्चा केली तो रस आणि हा रस, यांना आपण एकच शब्द वापरतो. कळणे आणि आवडणे ही दोन वेगळी खाती आहेत, आधी कळावे आणि मग सवडीने आवडावे, असे आपल्या भाषेला वाटत नाही. रस लागला की मन थांबते. मन थांबले की कळू लागते.

सुरतेच्या माणसाला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. रिंग रोडवरच्या कापड बाजारात रंगाचे महत्त्व कोणाला शिकवावे लागत नाही. काठ कसा असावा, पदरावर बुट्टे किती दाट असावेत, यावर आपले व्यापारी तासन् तास घालवितात, कारण गिऱ्हाईक आधी डोळ्याने साडी घेते हे त्यांना ठाऊक आहे. पण त्याच बाजारात दुसरेही एक ज्ञान आहे. साडीला शोभा आणण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत टिकली चिकटविण्याची. आपल्या कितीतरी भगिनी घरी बसून हे काम करतात. त्यांना माहीत आहे की टिकली लखलखते खरी, पण धुण्यात सुटते. दुसरी रीत जरीची. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळतात, तिला सोन्याचा मुलामा देतात आणि तो धागाच कापडात विणतात. ती शोभा कापडापासून वेगळी काढता येत नाही. मुलांच्या शिक्षणात भावना आणि सौंदर्य यांचे स्थान जरीचे असावे, टिकलीचे नसावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, बाई, हे सारे श्रीमंतांचे चोचले झाले. आमची मुले लूमवर आणि प्रोसेस हाउसमध्ये राबणाऱ्यांची. त्यांना आधी गणित येऊ द्या, सौंदर्याचे मग पाहू. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. सुखवस्तू घरच्या मुलाला शोभेच्या, शांततेच्या जागा पुष्कळ असतात. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतल्या एका खोलीत काय असते? तेथेच स्वयंपाक, तेथेच आईचे टिकलीचे काम, तेथेच रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले. अशा घरातले मूल जेव्हा अभ्यासिकेत येईल, तेव्हा दिवसातली ती कदाचित एकच जागा असेल जी केवळ त्याच्यासाठी मांडलेली आहे. त्या जागेने त्याला ‘ये, बस’ म्हटले पाहिजे. ज्याच्यापाशी कमी आहे त्याला आपण ओबडधोबड वस्तू द्यावी, हा न्याय कोठला?

ही गोष्ट आपल्या दाराशीच एकदा सिद्ध झाली आहे. सुरतेहून मुंबईस जाताना डहाणूच्या अलीकडे घोलवड स्टेशन लागते. तेथून जवळच बोर्डी आणि कोसबाड. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांना ज्यांनी आपल्या मानाव्यात अशा ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेले. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्याबरोबर होत्या.

माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती आणावयाची कोठून? ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांतून साधने तयार केली. मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तेथली. गुरे राखणारी मुले कुरणात होती, तेव्हा कुरणशाळा निघाली. तेथे मुलांना आंघोळ घालणे, त्यांच्याबरोबर गाणे, नाचणे, रांगोळी काढणे हे शिक्षणाच्या आधीचे काम नव्हते. ते शिक्षणच होते. मुलाच्या ओळखीच्या वस्तूला मान देऊन तिच्यातून मोजणे आणि ओळखणे शिकविले, म्हणजे मुलाला स्वतःचाही मान वाटू लागतो. पैसा कमी होता. पण रसाला तोटा नव्हता.

आपल्यांतील बहुतेक कुटुंबे खानदेशातली. ताप्ती लाईनने गावी जाताना आपण अमळनेर ओलांडतो. तेथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत होते. त्या छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. विचार करून पाहा. छापील पुस्तके होती, वर्तमानपत्रे होती. मग हाताने लिहिलेले दैनिक कशाला? कारण ते त्या मुलांसाठी होते. त्या अक्षरात त्यांच्या ओळखीच्या माणसाचा हात होता. आज ज्याला आपण डिजिटल साधन म्हणतो त्याची कसोटी मी याच दैनिकावरून लावते. हे या मुलासाठी कोणी तरी केले आहे, असे त्याला वाटते काय?

कोणी विचारील, कागदावर जमले ते पडद्यावर जमेल काय? जमते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची लहानशी शाळा आहे. रणजितसिंह डिसले २००९ साली तेथे गेले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली आणि शेजारी गुरांचा गोठा होता. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटविले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, गोष्ट येई, पाठ दिसे, स्वाध्याय उघडे. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. यातील कोडाची युक्ती कोणालाही विकत मिळते. घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. मुलाच्या हातातले तेच ओळखीचे पुस्तक राहिले, आणि त्यातून आवाज येऊ लागला. परक्या जागी नेऊन बसविण्याऐवजी ओळखीच्या वस्तूलाच दार केले. कोसबाडच्या शिंपल्याची आणि या कोडाची जात एकच.

शास्त्रज्ञांनीही या विषयाचा शोध घेतला आहे. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या संशोधकांनी बँकेतील पैसे देणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरील बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या लोकांना दाखविल्या. ज्या मांडण्या लोकांना सुंदर वाटल्या, त्याच त्यांना वापरावयास सोप्याही वाटल्या. इस्रायलमध्ये ट्रॅक्टिन्स्की यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेथेही तेच आढळले. २०१२ साली प्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगप्रतिबंधक लसीविषयीचा एकच पाठ दोन रूपांत विद्यार्थ्यांपुढे ठेवला. एक करड्या रंगाचा आणि रुक्ष. दुसऱ्यात उबदार रंग आणि चेहऱ्यासारखे गोल आकार. मजकूर तोच. दुसरे रूप पाहणाऱ्यांचे मन प्रसन्न झाले आणि त्यांना पाठही अधिक समजला.

येथे थांबलो तर आपण उद्याच रंगीबेरंगी अ‍ॅप विकत घेऊ. पण १९९८ सालचा हार्प आणि मेयर यांचा प्रयोगही ऐका. वीज कशी तयार होते याचा पाठ त्यांनी घेतला आणि काही विद्यार्थ्यांना दिलेल्या पाठात वीज पडून झालेल्या घटनांच्या रंजक हकीकती व चित्रे घातली. पाठ मनोरंजक झाला. पण त्या विद्यार्थ्यांना मुख्य विषय कमी आठवला. मन हकीकतीमागे गेले आणि वीज राहून गेली. म्हणजे पहिल्या प्रयोगात रंग आणि आकार हे पाठाच्याच अंगावर होते. दुसऱ्यात शोभा बाहेरून आणून लावलेली होती. जरी आणि टिकली यांतला फरक प्रयोगशाळेतही दिसतो, तो असा. गणित सुटले की पडद्यावर फटाके उडविणारे, नाण्यांचा पाऊस पाडणारे खेळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात मूल रमते ते नाण्यांत. नाणी थांबली की गणितही थांबते. उलट, अपूर्णांक शिकविताना भाकरीचे चार भाग मुलाने स्वतःच्या बोटाने करावेत आणि ते जुळवून पुन्हा वाटोळी भाकरी व्हावी, यात जो आनंद आहे तो अपूर्णांकाचाच आहे.

भावनेचा विचार आणखी एका ठिकाणी फार नाजूक आहे, आणि ते ठिकाण म्हणजे चूक. मूल चुकते तेव्हा यंत्र त्याला काय म्हणते, हे अ‍ॅप घेण्यापूर्वी आपण पाहतो काय? कित्येकांत लाल फुली येते आणि कर्कश आवाज होतो. शेजारच्या दहा मुलांना तो ऐकू जातो. लाजाळू मूल त्यानंतर उत्तरच देत नाही. मादाम माँटेसरी यांची साधने पाहा. लाकडी ठोकळा चुकीच्या खाचेत बसत नाही, किंवा शेवटी एक ठोकळा उरतो. चूक वस्तूच दाखविते; कोणी ओरडत नाही, कोणी हसत नाही, आणि मूल पुन्हा हात घालते. पडद्यावरही हे साधते. बेरीज चुकली तर तराजू एका बाजूला झुकलेला दिसावा आणि मुलाला तो समतोल करण्याची इच्छा व्हावी. सर्वांची नावे गुणानुक्रमे झळकविण्याची पद्धत तर मला मुळीच पसंत नाही. पहिल्या तिघांना तिची गरज नसते आणि शेवटच्या तिघांना ती घरी पाठविते.

आता अक्षरांविषयी. पडद्यावरचे सौंदर्य म्हणजे चित्रे, असे आपण समजतो. पण मुलाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो अक्षरांवर. विंडोजमध्ये देवनागरी वाचण्याची सोय झाली तेव्हा त्यातील ‘मंगल’ हा टंक घडविला तो आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. पुढे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे टंक सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. तरीही एक अडचण उरतेच. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवून दिला. पडद्यावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरे येतात. आजोबांनी पाटीवर गिरवून दिलेला ‘ल’ एक, आणि पडद्यावरचा ‘ल’ दुसरा! मोठ्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. नुकते वाचू लागलेले मूल तेथे अडखळते, आणि आपले अक्षरच चुकीचे आहे की काय असे त्याला वाटते. काही टंकांत मराठी भाषा निवडली की आपली वळणे आपोआप येतात. ओळी मोकळ्या असाव्यात, अक्षर मोठे असावे, काना-मात्रा एकमेकांना चिकटू नयेत. याला पैसा लागत नाही, लक्ष लागते.

अक्षरांसारखेच आवाजाचे. आपल्या मुलाची भाषा कोणती, असे विचारले तर आपण पटकन मराठी म्हणतो. खरे पाहता त्याच्या आजीची भाषा अहिराणी किंवा लेवा बोली, गल्लीतली हिंदी, बाजारातली गुजराती आणि पुस्तकातली मराठी. अ‍ॅपमधला आवाज शुद्ध पुणेरी असतो. तो असू द्या. प्रमाण भाषा मुलाला आलीच पाहिजे. पण त्या यंत्रातून एखादी गोष्ट आजीच्या बोलीत ऐकू आली तर मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते आपण करून पाहावे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या बोलीतल्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. जी बोली इतके सौंदर्य पेलू शकते तिला आपल्या अभ्यासिकेत उंबऱ्याबाहेर का ठेवावे? आपल्याच ट्रस्टमधील आजीबाईंकडून ओव्या, कोडी आणि गोष्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेता येतील.

आणि शेवटी माणूस. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत एक संगणक बसविला आणि झोपडपट्टीतील मुले आपापसांत तो चालवावयास शिकली, ही हकीकत जगभर गाजली. या प्रयोगांवर पुढे टीकाही झाली. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कालिकुप्पमच्या प्रयोगातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या तमिळ खेड्यातील मुलांपुढे जैवतंत्रज्ञानाचा इंग्रजी मजकूर ठेवला होता. मुले काही मर्यादेपर्यंत आपली आपण पोहोचली. त्यापुढे ती गेली ती विषय न जाणणाऱ्या, पण जवळ उभे राहून कौतुक करणाऱ्या एका माणसाच्या मदतीने. आजी जशी म्हणते, ‘अरे वा, हे कसे केलेस? मला पुन्हा दाखव,’ तेवढेच त्या माणसाने केले. पुढे इंटरनेटवरून मुलांशी गप्पा मारणाऱ्या अशा आजींची एक योजनाच निघाली, आणि फलटणच्या कमला निंबकर बालभवनातही मित्रा यांच्या कल्पनेचे केंद्र झाले. भिंतीतल्या संगणकापासून निघालेला माणूस शेवटी आजीपाशी आला, ही गोष्ट आपण ध्यानी ठेवावी.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या मुलांनी मोबाइलवरून आणि दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून पाठ पाहिले. त्या साधनांनी मोठी सेवा केली. पण ज्या घरी पाठ संपल्यावर ‘आज काय पाहिलेस रे?’ असे विचारणारे कोणी होते, त्या घरची मुले टिकली; बाकीची हळूहळू गळाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तेव्हा विश्वस्त मंडळींना माझी काही नम्र मागणी आहे.

पहिली, खोलीविषयी. भिंतींना डोळ्यांना सोसेल असा फिका रंग द्यावा. उजेड पडद्यावर न पडता बाजूने यावा. बसावयास स्वच्छ सतरंजी आणि लहान बैठी मेजे असावीत. दाराशी रोज एका मुलाने रांगोळी काढावी. भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी एकच असावी, उरलेली भिंत मुलांच्या चित्रांसाठी सोडावी. देणगीदार मंडळी रागावणार नाहीत अशी मला खात्री आहे.

दुसरी, साधनांविषयी. कोणतेही अ‍ॅप घेण्यापूर्वी ते आपल्या पाच-सहा मुलांच्या हाती आठवडाभर द्यावे आणि मोठ्यांनी गप्प बसून पाहावे. मूल कोठे हसते, कोठे अडते, चुकल्यावर पुन्हा हात घालते की मागे सरते? विक्रेत्याच्या पुस्तिकेपेक्षा ही परीक्षा अधिक खरी. कर्णयंत्रे, म्हणजे हेडफोन, प्रत्येकाला असावेत. जाहिराती दाखविणारे फुकट अ‍ॅप घेऊ नये. तेथे आपल्या मुलाचे लक्ष हाच माल असतो. इंटरनेट नसतानाही चालेल असा संग्रह साठवून ठेवावा.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. ठरविलेल्या संख्येहून टॅबलेट थोडे कमी घ्या आणि त्या पैशांतून रोज संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या एका ताईचे मानधन ठरवा. आपल्याच समाजातील कॉलेजात जाणारी मुलगी या कामाला उत्तम. दोन मुलांत एक टॅबलेट आला तर बिघडत नाही. दोघे मिळून बोलतील, भांडतील आणि शिकतील. पण विचारणारे कोणी नसेल तर प्रत्येकाला एकेक टॅबलेट मिळूनही खोली वर्षभरात रिकामी होईल आणि यंत्रांवर धूळ बसेल. यंत्राचे मोल दर वर्षी उतरत जाते. ताईने विचारलेला प्रश्न मूल जन्मभर विसरत नाही.

चौथी मागणी आपणा सर्व आयाबापांना. महिन्यातून एकदा अभ्यासिकेत या, आणि मुलाने केलेले काम त्याच्याच तोंडून ऐका. आपल्याला संगणक येत नाही याचा संकोच नको. आपल्याला काही येत नसले तर उलट बरेच. मुलाला शिकविण्याचा मान मिळेल.

आपल्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हा ट्रस्ट काढला तेव्हा परक्या शहरात आपल्या मुलांना आपुलकीची जागा असावी, हाच हेतू होता. साधने बदलली आहेत. तो हेतू बदललेला नाही. अभ्यासिकेचे उद्घाटन थाटात होईलच. मी मात्र तिची परीक्षा पुढच्या श्रावणात घ्यावी म्हणते. बाहेर धो धो पाऊस पडत असताना छत्री नसलेले मूल ओल्या पायांनी तेथे आले, तर आपला पैसा सार्थकी लागला असे समजावे.